विडा बुधाजीनं खाल्ला

भामा माझी सख्खी आत्या. पनवेलच्या मासळी बाजारात तिच्यासमोर पापलेट पाडून मागायची कुणाची टाप नव्हती. नव्वदीतल्या नगरपालिकेच्या निवडणुकीत आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला आणि आत्यानं कुणालाही न विचारता अपक्ष म्हणून अर्ज भरला. कारण एकच. बाजार उचलून थेट पळस्प्याच्या फाट्यावर न्यायचं घाटत होतं. नव्या कॉलन्यांतल्या लोकांना वास येतो म्हणे! खाताना नाही येत? आणि बायकांनी हायवेवर काय ट्रकवाल्यांना बोंबील विकायचे?

पण कोळीवाड्याच्या पंचांनी आमची मतं आधीच एका शेठला देऊन टाकली होती. शेठ देवळाला सभामंडप बांधून देणार, आणि उभी राहणार त्याची बायको. आमच्यात शब्द द्यायचा तर विडा घेतात. पुढे केलेला विडा तोंडात घातला की बोलणं संपलं. पंच विडा घेऊन आत्याच्या घरी गेले आणि दिला कुणाला? तिच्या नवऱ्याला, बुधाजीला! खाडीत रात्रीबेरात्री होडी घालणारा माणूस, पण पंचांना नाही म्हणायची आतोबांची छाती नव्हती. मुकाट्यानं खाल्ला.

आत्या बाजारातून आली तर पंचांचा म्होरक्या दादू ओट्यावर बसलेला.

"भामा, उद्या अर्ज मागं घे. शब्द झालाय."

"कोनी दिला?"

"बुधाजीनं विडा खाल्लाय."

आत्यानं डोक्यावरची मासळीची पाटी दाणकन खाली ठेवली. "त्यानं खाल्ला ना? मंग त्याचंच तोंड रंगलंय. अर्ज माजा हाय. मी नाय मागं घेत!"

"वालीत टाकू."

"टाका! तुमच्या बायका बाजारात माज्याच शेजारी बसतात. बगू कोन कोनाला टाकतंय."

मी दारातच होते. अस्सा आनंद झाला म्हणून सांगू!

आत्या निवडणुकीत पडली, शेठची बायको निवडून आली. पंचांनी गुलाल उधळला तोही मुद्दाम तिच्या दारासमोर. दुसऱ्या दिवशी ही बाजारात हजर. "पडले, मेले नाय," म्हणाली आणि कोलंबीचे वाटे लावायला बसली.

पावसाळा सरला आणि बाजार हलवायची नोटीस लागली. शेठच्या बायकोनं नगरपालिकेच्या सभेत तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. सभामंडपाचे नुसते खांब उभे होते. दादूच्या बायकोचीही बाजारातली जागा जाणार म्हटल्यावर पंच पुन्हा आत्याच्या ओट्यावर. मोर्चा काढायचा तर पुढे भामाच हवी, दुसऱ्या कुणाचं बायका ऐकणार नव्हत्या. आणि सवयच ती मेली, दादूनं विडा धरला बुधाजीसमोर!

आतोबांनी दोन्ही हात मागे घेतले. "मी नाय खात. पाटी तिच्या डोक्यावर हाय. विडा तिला द्या."

दादू वळला. जन्मात पहिल्यांदा त्यानं बाईपुढे विडा धरला. आत्यानं लगेच घेतला नाही. सावकाश हात धुतले, पदराला पुसले, त्याला तसंच ताटकळत ठेवलं. मग विडा तोंडात घातला.

"उद्या सकाली सगल्यांनी पाट्या भरून नगरपालिकेच्या दारात," ती म्हणाली. "वास येतो ना त्यांना? येऊ दे."