भिकुबाईला सांगितलेला शेवट

धुळ्याला आमच्या गल्लीजवळच्या टॉकीजमध्ये बायकांचं दार वेगळं होतं. त्या दारावर भिकुबाई तिकिटं फाडायची. चाळिशीची, काटक, बोलायला फटकळ. एकच सिनेमा रोज तीनदा, असा चार-चार आठवडे बघून तिला सगळा पाठ व्हायचा. उशिरा आलेल्या बाईला अंधारात जागेवर बसवता बसवताच ती मागची कथा सांगून मोकळी होई. "हिरोना बाप मरी गया. आंधळी माय वाचेल शे. तो पांढऱ्या बूटवाला हरामी शे. बसा आते."

तिचा नवरा मगन जिनिंगमध्ये हमाल होता. सदुसष्ट साली तो कापसाच्या गाठींच्या थप्पीवरून खाली आला. डोक्याची जखम भरली, पण लग्नानंतरची वीस वर्षं त्याच्या डोक्यातून साफ गेली. दवाखान्यात भिकुबाईने "मी तुमनी बायको" म्हटलं, तर त्याने लाजून तोंडावर पांघरूण ओढलं. "काहीतरीच काय, बाई! मनं लगीन नही जायं अजून."

त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. मूल नव्हतं, घरात दोघंच. मगन पाणी भरायचा, डाळ निवडायचा, तिला अहोजाहो करायचा. ताटावर बसला की आधी विचारायचा, "तुम्ही जेवनात का?" वीस वर्षांच्या संसारात हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं, असं तीच हसत सांगायची. हसताना पदर मात्र डोळ्यांकडे जायचा.

मध्यंतरात बायका तिला छेडत. "भिकुबाई, सिनेमात बघ, डोक्यात दुसरा फटका बसला की सगळं आठवतं. हाण की एक लाटणं!"

"उचललं व्हतं व माय! पन त्यासनी आधीच इचारं, बाई, आज भाकरी मी टाकू का?"

बायका खो-खो हसत. तीही.

एकोणसत्तरच्या चैत्रात रविवारी सकाळी एक इंग्रजी सिनेमा लागला. असल्या खेळांना कॉलेजची मुलं यायची. बायकांच्या बाजूला मी एकटी होते. बी.ए.ला इंग्रजी घेतलं होतं, ते कुठे तरी वापरायचं म्हणून मी जायची. एक माणूस यानातून दुसऱ्या ग्रहावर जातो. तिथले लोक त्याच्या डोक्यातून सगळ्या आठवणी काढून घेतात. परत येतो तो बायकोलासुद्धा ओळखत नाही. शास्त्रज्ञ त्याच्या डोक्याला तारा लावतात, भिंतीएवढी यंत्रं लुकलुकतात, काही उपयोग होत नाही. शेवटी तो बागेत बाकावर बसलेला असतो. बायको येते, काही बोलते, तो तिच्याकडे बघून हसतो. संपला सिनेमा.

दिवे लागले तेव्हा भिकुबाई दाराचा पडदा मुठीत धरून उभी होती. भाषेचं अक्षर कळलं नव्हतं तिला, पण सिनेमा कळला होता.

"ताई, तुम्ही शिकेल शेतस. ती शेवटले काय बोलनी? तो हसना, म्हनजे त्याले आठवनं ना?"

त्याला काही आठवलं नव्हतं. त्या बाईने परक्याला सांगावं तसं आपलं नाव सांगितलं होतं आणि 'इथे बसू का?' एवढंच विचारलं होतं. पण भिकुबाईचं तोंड बघून माझ्याने ते बोलवेना.

"हो," मी म्हटलं, "आठवलं."

"कसं?"

आता पुढचं रचणं भाग होतं. "ती त्याला रोज विचारायची, मी कोण? स्वतः मात्र कधी सांगायची नाही. त्याच्याच तोंडून यायला हवं होतं. एक दिवस आलं."

तिने मला ते दोनदा सांगायला लावलं.

पंधरवड्याने मी काही जुने कपडे द्यायला तिच्या घरी गेले. मगन भिंतीला टेकून बसला होता आणि ती समोर, ताट आपल्याजवळ धरून.

"सांगा, मी कोन शे?"

"बाई, तुम्ही चांगल्या शेतस. पन माले नही आठवत."

"आठवा. सोनगीरनी कोन शे? तितलं तरी सांगा!"

सोनगीर तिचं माहेर. तो गृहपाठ न केलेल्या मुलासारखा घामाने भिजला होता. तिने शेजाऱ्यांनाही ताकीद दिली होती, कुणी त्याला सांगायचं नाही. मला बघून ती उजळली, त्याच्याकडे बोट दाखवत म्हणाली, "ताई, ह्या आते घाबरतस. म्हनजे काहीतरी आठवी ऱ्हायनं ना?"

तिथेच मला खरं सांगता आलं असतं. मी कपडे ठेवले आणि बरं म्हणून निघाले.

पुढे तो तिची चाहूल लागली की घरातून निघून शेजारच्या ओट्यावर जाऊन बसू लागला. जेवलात का, हे विचारणंही थांबलं. वैशाखात एका दुपारी ती टॉकीजला असताना तो निघाला आणि आग्रा रोडने वीस किलोमीटर सोनगीरपर्यंत अनवाणी चालत गेला. स्टँडवर दिसेल त्याला विचारत होता, "आमना घर एक बाई शे. सोनगीरनी शे म्हने. भलती चांगली शे. ती कोन शे, तेवढं सांगा."

कुणीतरी गावच्या जावयाला ओळखून तिचा भाऊ निंबा याला बोलावून आणलं, तोवर मगन खाली कोसळला होता. ऊन लागलं होतं. निंबाने त्याला ट्रकने धुळ्याला आणलं. भिकुबाई दवाखान्यात पोचली तेव्हा सगळं संपलेलं होतं.

दीड महिन्याने ती पुन्हा दारावर दिसली. कपाळ मोकळं. स्टँडवर त्याने काय विचारलं, ते तिनेच मला सांगितलं. खेळ सुरू झाला होता, बाहेर आम्ही दोघीच होतो. मग मी तिला त्या सिनेमाचा खरा शेवट सांगितला. माझं खोटंही सांगितलं. ती भांडेल, शिव्या देईल, अशी मी वाट बघत होते.

तिने दाराचा पडदा नीट ओढून घेतला. मग विचारलं, "नाव सांगं तिनी, आन् बसू का म्हने?"

"हो."

"मंग तो काय म्हनना?"

"काही नाही. सरकून जागा दिली, आणि हसला."

"बस? इतलंच?" ती म्हणाली. "इतलं तर माले बी जमलं असतं, ताई."