वनमालेच्या हातचा चुडा

चौऱ्याऐंशी साली जयवंत कासार गेला आणि घाटकोपरच्या गल्लीतल्या त्याच्या बांगड्यांच्या दुकानात बायको वनमाला बसायला लागली. ती बसली नि गिऱ्हाईक उठलं. बायका तिच्याकडून पिना घ्यायच्या, आरसे घ्यायच्या, पण काचेच्या बांगड्या नकोत! विधवेच्या हातून हात भरून कोण घेणार? तोंडावर बोलायची हिंमत नाही कुणात. "उद्या येते गं," म्हणून सटकायच्या. असला उद्या कधी उजाडतो होय!

दीर कुंडलिक टपूनच होता. त्याला त्या गाळ्यात कॅसेटचं दुकान टाकायचं होतं. "वहिनी, लग्नसराईभर थांबतो. एक तरी नवरी तुमच्यापुढे हात धरते का बघू. नाहीतर गाळा माझा." पदरात दोन पोरं. गाळा गेला की लोकांची भांडी घासणं आलं.

"बघाच तर," वनमाला म्हणाली.

सराईचे चार दिवस उरले तेव्हा शेजारच्या चाळीतली रत्नप्रभाबाई लेकीला, शकुला, घेऊन आली. बाई एक नंबरची खडूस! शकु कारखान्यात बाटल्या धुवायची, पंजा रुंद नि कडक. स्टेशनजवळच्या दुकानदारानं तीन बांगड्या फोडून हात टेकले होते, हे शकुच बोलून गेली; म्हणून नाइलाजानं इकडे.

"पहिली बांगडी मी चढवते," रत्नप्रभाबाईनं फर्मावलं. "सवाष्णीचा हात लागू दे. मग बाकीच्या तू भर."

नुसतं हो म्हटलं असतं तर नवरी मिळत होती. पण ते 'हो' वनमालेच्या तोंडून निघेना.

"भरेन तर सगळा चुडा भरेन. नाहीतर बांगड्या घरी न्या आणि तुमचा सवाष्णीचा हात चालवा."

"काय गो तोरा तुझा!"

"आई, गप बस ना!" शकुनं हात पुढे केला. "भरा हो काकी."

उजवा हात झकास भरला. पंजा चोळत, अंगठा आत दाबत, अकरा बांगड्या चढल्या. डाव्या हातावर आठवी सांध्यापाशी आली आणि कट्‌कन फुटली.

"अपशकुन! सांगत होते मी!" रत्नप्रभाबाई किंचाळली. दारात तीन बायका थबकल्या. आता थांबलं की संपलंच, हे वनमालेला कळत होतं. तिनं काच बाजूला सारली, शकुच्या मनगटाला ओरखडा नाही ना पाहिलं.

"एक वाढली," ती दारापर्यंत ऐकू जाईल अशी बोलली. "आमचे हे भरायचे तेव्हा दिवसाला चार वाढायच्या. तेव्हा कुणी अपशकुन नाही काढला. आणि मघाशी स्टेशनजवळ तीन वाढल्या, त्या कुठल्या विधवेनं वाढवल्या हो?"

उरलेल्या चार बांगड्या तिनं भरल्या. शकुनं रीतीप्रमाणे वाकून कासारणीला नमस्कार केला. वनमालेचे डोळे भरून आले. "सुखी राहा गं बाई," तिनं तोंडभर आशीर्वाद दिला.

रत्नप्रभाबाईनं दारातल्या बायकांकडे पाहिलं, लेकीच्या हातांकडे पाहिलं आणि फतकल मारून स्वतःचाच हात पुढे केला.

"बघतेस काय? नवरीची आई मांडवात काय जुन्याच बांगड्यांनी मिरवणार? भर. आणि एक जरी मोडलीस तर बघ!"

"हात सैल सोडा," वनमाला म्हणाली. "ताठ धराल तर मोडणारच."