सीट शिवायला काढली तेव्हा

बाबांना काही सांगायचं नाही, हे आईनं डॉक्टरांच्या केबिनबाहेरच ठरवून टाकलं. आजार पोटात पसरला होता, ऑपरेशनचा उपयोग नव्हता, हातात थोडेच महिने होते. "अल्सर हाय म्हणायचं," ती म्हणाली. मी मान हलवली. आमच्याकडे असंच करतात. पेशंट सोडून साऱ्या भावकीला आजार ठाऊक असतो.

आता भीती होती ती बाबा दिवसभर बसून विचार करतील याची. म्हणून मी चिंचवडच्या आमच्या घरासमोर उभ्या असलेल्या जुन्या गाडीचा विषय काढला. माझ्यापेक्षा वयानं मोठी गाडी. इंजिन धडधाकट, पण आतून पार कामातून गेलेली. छताचं कापड लोंबत होतं आणि पुढच्या लांब सीटमधून काथ्या बाहेर डोकावत होता. बाबांची सगळी नोकरी पिंपरीच्या कारखान्यात गाड्यांच्या सीट शिवण्यात गेलेली. बाहेरचा कारागीर त्यांना कधीच चालला नसता. "आपणच घरी करू," मी म्हणालो, तर पलंगावरून उठून ते चष्मा शोधायला लागले.

मी महाळुंग्याच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. चूक होण्याआधीच ती कुठं होईल हे हुडकण्याचा मला पगार मिळतो, आणि ही खोड घरीही सुटत नाही. फर्स्ट शिफ्ट करून चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो की जीव टांगणीला लागायचा. आज कुणी भेटायला आलं असेल का? काही बोलून गेलं असेल का? बीडहून आत्याचा फोन आला की मी धावत जाऊन उचलायचो, कारण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

बाबा मात्र कामात रमले होते. जुनं कव्हर त्यांनी टाका टाका उसवलं, तुकड्यांवर खडूनं खुणा केल्या आणि तेच तुकडे नव्या रेक्झिनवर ठेवून कापणी केली. शिवून झालेलं कव्हर ते आधी उन्हात ठेवायचे. मऊ पडलं की सीटवर चढवायचं आणि ताणायचं, हे माझं काम. "वढ की! जेवला न्हाईस का?" असं ओरडताना त्यांचा आवाज इतका खणखणीत लागायचा की क्षणभर मलाच तो रिपोर्ट खोटा वाटायचा. मग ते बनियनवर घाम पुसायला वळायचे आणि पाठीची हाडं दिसायची.

त्यांच्या प्रत्येक वाक्यात मी एकच गोष्ट चाचपायचो. यांना कळलंय का? "डबल शिलाई मारू, धा-पंधरा वर्सं हलायची न्हाई," ते एकदा म्हणाले, आणि मला इतकं हायसं वाटलं की त्या संध्याकाळी मी भाकरी जास्तीची खाल्ली. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "काथ्या दाबून भर. तुला लय वापरायचीय ही." तुला. आपल्याला का नाही? मी आईला स्वयंपाकघरात गाठून विचारलं. "तू उगंच शब्द मोजत बसू नगंस," ती म्हणाली, पण तिच्या हातातलं लाटणं थांबलं होतं.

छताचं कापड चिकटवून सीट बसवली त्या रविवारी गाडी आतून खरोखर नवी दिसत होती. आमच्या घरात नव्या वस्तूवरचं प्लॅस्टिक कुणी काढत नाही. फ्रिजच्या हँडलवर आहे, सोफ्यावर आहे, रिमोटही पिशवीतच असतो. हा नियम बाबांचाच. म्हणून मी जाड पारदर्शक प्लॅस्टिक आणून त्यांच्या नकळत सीटवर घट्ट बसवलं. त्यांना बरं वाटेल, आणि पुढं अजून बरीच वर्षं आहेत असंही वाटेल, असा माझा हिशोब.

बाबांनी दार उघडलं. प्लॅस्टिकवरून हात फिरवला. मग कडेला नख घालून ते टरकन फाडलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"अहो, रेक्झिन खराब हुईल," आई म्हणाली.

"हू दे." त्यांनी गोळा करून ते माझ्या हातात दिलं. "कुणासाठी जपायचं आता?" मग आईकडं वळून म्हणाले, "ये, बस."

ते स्टिअरिंगपुढं बसले, आई शेजारी. मी प्लॅस्टिकचा बोळा घेऊन आईच्या बाजूच्या दाराशी उभा. आईनं पदर तोंडाला लावला. कितीतरी आठवडे आवरून धरलेलं सगळं तिच्या खांद्यांतून बाहेर पडायला लागलं.

बाबांनी तिच्याकडं पाहिलं नाही. नव्या सीटला पाठ टेकून ते समोर बघत राहिले.

"रडायचं तर काच वर घे," ते म्हणाले. "शेजारी बघत्यात."

आईला हँडल फिरवता येईना. मी तिच्या बाजूचं दार उघडून काच वर केली आणि दार लावलं.