रिताच्या तोंडी परीक्षेत मी तोंड घातलं

माझी रिता दिल्लीच्या विद्यापीठात पोलिश शिकते. हे मी आमच्या सानगडी गावात ज्याले ज्याले सांगतलं, त्यानं त्यानं मले येड्यात काढलं. शेजारची रुखमा म्हणे, "पुष्पाबाई, तांदळाची पॉलिश त आपल्या साकोलीच्या राईस मिलमंदी बी होते. त्याच्यासाठी पोरीले दिल्लीले कायले धाडलं?" आता बापा! मी म्हटलं, "अवं, पॉलिश नाही, पोलिश. पोलंड नावाचा देश आहे, तिथली भाषा." त म्हणे, "तिथं आपलं कोण आहे?" कोणी नाही. तेच त माझं दुखणं होतं.

पहिल्या वर्षी 'नमस्कार, माझं नाव रिता' एवढ्यावर भागलं. दुसऱ्या वर्षी मधली पायरी लागली, म्हणजे पुस्तक मिटा आन् बोला. लेखी पेपरात पोट्टी वर्गात पहिली, पण तोंडी परीक्षेत नापास. तिच्या मॅडमनं आणखी एक मोका देला. जानेवारीत सुट्टीवर घरी असताना मोबाईलवरच परीक्षा होणार होती. पास झाली तर पाच महिने पोलंडच्या विद्यापीठात शिकाले जाणं पक्कं. नापास झाली तर तिची जागा दुसरीले.

खोटं कायले बोलू? मी रोज दिवा लावताना देवाले म्हणत होती, हिले नापास कर. दिल्लीच्या गाडीत बसवताना माझा जीव अर्धा झाला होता, आन् पोलंड त मले नकाशात बी सापडला नाही. तिचे बाबा श्यामराव म्हणत, "जाऊ दे वं तिले." बापाले सोपं असते.

एक दिवस मी तिले विचारलं, "बोलाले काय होते तुले? साकोलीच्या बसमंदी कंडक्टरसंग भांडतेस तेव्हा त थांबत नाहीस!"

"आई, आपण घर, घराले, घरात म्हणतो ना, तशी तिथं बी शब्दाची शेपटी बदलते. सात विभक्त्या आहेत. आन् 'करून राहिली होती'ले वेगळं क्रियापद, 'करून टाकलं'ले वेगळं. मी मनात बरोबर ते शोधतपर्यंत मॅडमचा दुसरा सवाल येते."

"मंग आपल्यासारखंच आहे ना सारं," मी म्हटलं. तिनं कपाळाले हात लावला.

आमच्या घरी रेंज फक्त समोरच्या सपरीत, म्हणजे ओसरीत, मिळते. परीक्षेच्या दिवशी मी तिथंच लाखोळीची भाजी निवडत बसली होती. "बस, पण चूप बस," रितानं मले बजावलं आन् मोबाईल पिठाच्या डब्याले टेकवला. हान्ना मॅडम दिसल्या. मूळच्या पोलंडच्याच, गोऱ्यापान, जाड चष्मा. त्यांनी काहीतरी विचारलं. रिताच्या तोंडून दोन शब्द निघाले, तिसऱ्यापाशी अटकली. मॅडमनं पुन्हा विचारलं. आता त ओठ हलत होते पण आवाजच नाही. माझी पोट्टी! जी झोपेत बी बडबड करते!

नापास होऊन राहिली, हे मले समजलं. तेच त पाहिजे होतं मले. पण तिचा तो चेहरा पाहला आन् मी भाजीची जुडी घेऊन तशीच उठली आन् मोबाईलसमोर जाऊन उभी राहिली.

"काहून जी मॅडम, नवरी पाहाले आल्यासारखं टकामका काय पाहून राहिल्या? घाबरली ना पोरगी! पहिले दोन गोठी करा, मंग सवाल विचारा!"

"आई!" रिता किंचाळली.

मॅडमले मराठी कुठली येते? त्यांनी रितालेच विचारलं.

"तू काय म्हणून राहिली ते विचारतात," रिता दात खात म्हणाली.

"मंग सांग ना!"

तिनं सांगतलं. मॅडम खळखळून हसल्या आन् माझ्या हातातली भाजी कोणती म्हणून विचारलं. आता भाजीची गोठ निघाल्यावर मी थांबते का! धान उभं असतानाच बांधीतल्या ओल्या चिखलात लाखोळीचं बी फेकाचं, धान कापलं का ती वर येते, नांगर नको का पाणी नको, कवळे शेंडे खुडून भाजी कराची. रिता "हळू, आई, हळू" करे. मी कायची हळू! तिले विचार कराले वेळच नाही देला. एक वाक्य माझं मराठी, एक तिचं पोलिश. चुकत असल बी, मले काय समजते? पण पोट्टी हात हालवून हालवून बोलत होती, मॅडम मान डोलावत होत्या, आन् माझी छाती अशी फुगली का काय सांगू!

मंग मॅडमनं एक सवाल केला. रिता माझ्याकडं वळली. "आई, हे तुले विचारलं. पोरीनं पोलंडले जावं का?"

"खरं सांगू?"

"सांग."

"त सांग त्यायले, माझं मन नाही होत. मी रोज देवाले म्हणत होती, पोरीले नापास कर. पण आज तिले बोलताना आयकलं. आता म्हणते, धाडा तिले. फक्त बिमार पडली तर मले फोन करजा."

रिता माझ्याकडं पाहतच राहिली.

"शब्द नाही येत का?" मी विचारलं.

"शब्द येतात, आई."

मंग तिनं सांगतलं. हळूहळू, एकेक शब्द, डोळ्यांतून पाणी गळत असताना. मॅडमनं चष्मा काढला. त्या बराच वेळ बोलल्या, आन् फोन बंद झाला.

"काय झालं?"

"पास."

मले आनंद बी झाला आन् लाज बी वाटली. "ते नापासवालं नाही ना सांगतलं वं?"

"सगळं सांगतलं." रिता माझ्या गळ्यात पडली. "मॅडम म्हणाल्या, त्या भारतात येणार होत्या तेव्हा त्यांच्या आईनं बी चर्चमंदी मेणबत्ती लावून हेच मांगतलं होतं. पोरीचं जाणं रद्द होऊ दे म्हणून."

मी पदरानं डोळे पुसले आन् म्हटलं, "तिथं गेली का पहिले त्या माउलीले भेट. आन् मले फोन लावून दे. आम्हा दोघींले खूप बोलाचं आहे."