एक्क्याण्णव टक्के रडार

बोईसरजवळच्या माहीमच्या किनाऱ्यावर जमनाच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. साठी उलटली होती, पण डोळा असा, की समुद्रात ठिपका दिसला तरी होडी कुणाची ते सांगायची.

बोईसरच्या एका कारखान्यात टेहळणीचे ड्रोन बनत. मच्छीमाराची होडी कुठली नि शत्रूची कुठली, हे त्यातलं यंत्र वरून बघून आपलं आपण ओळखतं, असा मालकांचा दावा. एका मध्यम वकुबाच्या देशाला ते हवं होतं. मोठ्या युद्धनौका परवडत नव्हत्या, पण आपल्याला विचारल्याशिवाय शेजाऱ्याने समुद्रात हलू नये, ही हौस दांडगी. त्यांचे आरमारी साहेब चाचणी बघायला माहीमला आले.

कारखान्याचा इंजिनियर दर्पण आदल्या दिवशीच जमनाकडे येऊन गेला होता.

"मावशी, उद्यापुरते हे बांबूंवर वाळत घातलेले बोंबील काढाल?"

"बोंबील काय पावने हायत, उठा म्हटलं की उठायला?"

बोंबील जागचे हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ड्रोन उडाला. पडद्यावर जमनाच्या नवऱ्याची, नामदेवची होडी हिरव्या चौकटीत आली: मासेमारी. साहेबांनी माना डोलावल्या. मग ड्रोन किनाऱ्याकडे वळला आणि बोंबलांच्या बांबूंवर लाल चौकट उमटली: रडार, एक्क्याण्णव टक्के खात्री.

"लाल कशापायी?" जमनाने विचारलं.

दर्पण चाचरला. "खरं युद्ध असतं तर... तिथे बॉम्ब पडला असता."

चौकटीत एक बाई वाकून बोंबील उलटत होती.

"ती आमची सून हाय," जमना म्हणाली. मग तिने टोपलीतला एक सुका बोंबील उचलून बड्या साहेबाच्या हातात ठेवला. "घ्या तुमचं रडार. भाजून खा."

साहेब हसला नाही. बोंबील न्याहाळत तो दर्पणशी बराच वेळ बोलला. दर्पणचं तोंड उतरलं.

"काय म्हनतो?"

"म्हणतात, शेजाऱ्याने असलंच यंत्र घेतलंय. मग आम्हाला ड्रोन नको, हे बांबू बांधायला शिकवा, म्हणजे त्याचे बॉम्ब बोंबलांवरच पडतील."

दुपारभर पांढऱ्या गणवेशातले साहेब बाह्या सरसावून दोऱ्या ताणत होते. "गाठ आवळ रे, रडार पडंल!" जमना ओरडत होती. निघताना तिने बजावलं, "त्या बांबूंपाशी बाईमानूस उभं करायचं नाय. सांग त्याला." दर्पणने सांगितलं. साहेबाने खाली बघत मान हलवली.

सौदा बुडाला. आता यंत्राला बोंबील शिकवणं आलं, म्हणून मालकांनी जमनालाच बोलावलं. बोईसरच्या गारेगार खोलीत ती पाय वर घेऊन बसते नि फोटो बघून सांगते, "बोंबील. जाळं. हे पन बोंबील." एखादं चित्र अंधूक असलं, की म्हणते, "मानूस."

"मावशी, हा दगड आहे!"

"तू जाऊन बघून आला? मानूस लिव."

दर्पण कपाळाला हात लावतो, आणि लिहितो.