सासूची मर्यादवेल

घ्या, दिते, म्हणजे आमचा चहा, गरम आहे तोवर पीत पीत ऐका. दुसऱ्याला फसवायची खोड मला लहानपणापासून. पण मीच कशी फसले, ते आज सांगते!

मोठ्या सिक्लोनच्या, त्या वादळाच्या, आदल्या सालची गोष्ट. लग्न होऊन मी किनाऱ्यावरच्या सूयाकहून आमच्या बेटाच्या मधोमध, वाक्वाला आले. कुठं माझा समुद्र, कुठं हा ऊस! वाऱ्यानं ऊस सळसळला की वाटायचं, लाट आली. माहेरी जाऊ का म्हटलं की सासू म्हणायची, "गाईला चारा कोण घालणार? तुझा बाप?"

सासूला एकच ध्यास. बोटीनं या बेटावर आलेल्या तिच्या आयेनं कोकणातली गोष्ट सांगितलेली. तिथं वाळूवर मर्यादवेल पसरते, बारा महिने हिरवी, दर्या तिला ओलांडत नाही. "मरायच्या आधी एकदा दिसू दे गो," म्हणायची.

मग मला काय सुचलं असेल?

"आये, ती आमच्या सूयाकला आहे!"

"खरं सांगतेस?"

"देवाशपथ!"

गेले की माहेरी! वाळूत मनसोक्त लोळले आणि येताना मर्यादवेल म्हणून बातात्रान उपटून आणली. अहो, आमच्या किनाऱ्यावर पायाखाली येणारी वेल ती! आम्ही तिनं फाट्यांची मोळी बांधायचो!

सासूनं ती छातीशी धरली. रडली. दारात लावून हळदकुंकू वाहिलं. आणि वाक्वाच्या चिकट मातीत ती कुजली.

"जा गो, दुसरी आण!"

मला तेच पाहिजे होतं! वेल मेली की मी सूयाकला. मरत नसली तर मी गुपचूप कढत पाणी ओतायची. शेजारणी येऊन हात जोडायच्या, मी तोंडात पदर कोंबून हसायची.

एक दिवस मराठी शिकवायला आलेले गुरुजी घरी आले. थेट कोकणातले! सासूनं त्यांना वेलीपाशीच नेलं. अयो! म्हटलं, माहेर कायमचं बंद.

गुरुजी वाकले. पान हातात घेतलं. "ही तर आमची मर्यादवेल! इथंही आहे?" डोळे भरले त्यांचे.

आणि माझं तोंड उघडंच! जन्मभर तुडवली की हो मी तिला!

"पण मावशी, हिला वाळूच लागते," गुरुजी म्हणाले. "उपटून आणू नका. तिथंच जाऊन बघा."

झालं! तेव्हापासून सासूच निघाली सूयाकला, ऊठसूट. माझ्या आईकडं राहायची, वेलीशेजारी बसायची. आणि गाईला चारा? मी!

परत आली की अंगणात लुगडं झटकायची. वाळू पडायची. मी हळूच त्या वाळूवर अनवाणी उभी राहायची.

"सूनबाई," सासू म्हणायची, "तुझी आई सारखी विचारते, ‘माझ्या लेकीला माहेरची ओढच नाही का गो?’"