शगुफ्ताबाई आणि सिकलची नावं

शगुफ्ताबाई सकाळी कामावर यायच्या त्याच दमलेल्या. पहिली काही वर्षं मला वाटायचं, बाईंचा चेहराच तसा आहे. मी नागभीडला एका संस्थेच्या दवाखान्यात रक्त तपासायचो आणि त्या माझे रिपोर्ट कॉम्प्युटरमध्ये भरायच्या; त्यासाठीचा प्रोग्रॅमही त्यांनीच लिहिला होता. नवरा जलालुद्दीन स्टेशनरोडला घड्याळं दुरुस्त करायचा. तो म्हणायचा, आमच्या घरात एक जण बंद पडलेलं चालू करतो आणि दुसरी चालू असलेल्याची काळजी करते.

काळजी करण्यासारखं होतंही. आमच्या भागात सिकलचा आजार फार. रक्तातला हा दोष आईबापाकडून येतो. एकाकडूनच आला तर माणूस धडधाकट राहतो, फक्त वाहक असतो. दोघांकडून आला तर पोर जन्मभर दुखण्यात. म्हणून लग्नाआधी दोघांनी रक्त तपासून घ्या, एवढंच आमचं सांगणं. पण एकदा का मुलीला सिकलवाली म्हणू लागले की तिची सोयरीक जुळत नाही, त्यामुळे लोक सुईपेक्षा रिपोर्टलाच जास्त भ्यायचे. सिंदेवाहीजवळच्या एका खेड्यात तर कुणी घराबाहेर पडेना. तिथे शगुफ्ताबाई गुणाबाई नावाच्या, धानाची शेती करणाऱ्या बाईच्या अंगणात बसल्या आणि म्हणाल्या, तुमचं नाव तुम्हाले अन् डॉक्टरले मालूम राहीन, तिसऱ्याले नाई. गुणाबाईने आपल्या पोरीची, चंचलची, बाही वर केली. मग सगळा टोला, म्हणजे ती सगळी वस्ती, रक्त द्यायला आली. चंचल वाहक निघाली. तिला कार्ड दिलं, समजावून सांगितलं, आणि तो विषय आमच्यापुरता संपला.

२००५ च्या उन्हाळ्यात गुणाबाई पहिल्या एसटीने दवाखान्यात आली. चंचलची सोयरीक मूल गावाकडे ठरली होती, साखरपुडा तोंडावर होता, आणि मुलाकडच्यांनी निरोप पाठवला की पोरगी सिकलवाली आहे, आम्हाला नको. गुणाबाई भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती टेबलाशी उभी राहून हळूच म्हणाली, "बाई, तुमी तं म्हनलं होतं का तिसऱ्याले मालूम होनार नाई."

शगुफ्ताबाईंनी तिला पाणी दिलं आणि लगेच सिंदेवाहीची गाडी पकडली. मीही सोबत गेलो.

गुणाबाईच्या खेड्याची माहिती तिथल्या आमच्या केंद्रात बघता यायची, आणि तिथे खुशाल नावाचा ऑपरेटर होता. कुणाला नाही म्हणणं त्याच्या जिवावर यायचं. सोयरिकी जुळवणारा लटारू रोज त्याच्या बाकावर येऊन बसायचा, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. खुशालने छातीवर हात ठेवून सांगितलं की त्याने कुणाला काही दिलेलं नाही. नावाच्या चौकटीत टक्क्याचं चिन्ह टाकलं की सगळं गाव एकदम पडद्यावर येतं, एवढंच त्याच्या ध्यानात आलं होतं. कित्येक महिने तो तसंच करून राह्यला होता. लटारूने शेजारी बसून वाचलं असेल, त्याला तो काय करणार? वर म्हणाला, "सोय चांगली हाये बाई, हे बंद नोका करू."

माझं डोकं फिरलं. मी त्याला बरंच काही बोललो. शगुफ्ताबाई मात्र पडद्याकडे बघत राहिल्या. ती सोय त्यांनीच ठेवली होती. खेड्यातल्या बाया आपलं पूर्ण नाव सांगत नाहीत, अमक्याची माय म्हणतात, अर्ध्यावर थांबतात. ऑपरेटर वैतागायचे, म्हणून अर्धंमुर्धं जे टाइप कराल ते चालेल असं बाईंनी करून दिलं होतं. आणि टक्क्याच्या चिन्हाचा अर्थ कॉम्प्युटर 'कुठलंही नाव' असा घ्यायचा.

परतीच्या गाडीत त्यांनी मला ते समजावून सांगितलं. पडदा आणि साठवलेली माहिती यांच्यामध्ये निरोप नेणारा एक प्रोग्रॅम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. आमचा फार जुना होता. शिपायाच्या हातात चिठ्ठी द्यावी तसं ते काम चालायचं. चिठ्ठीत हुकूम आणि नाव एकाच ओळीत लिहिलेलं, आणि नावाच्या जागी कुणी सगळं आण असं लिहिलं तरी शिपाई सगळं घेऊन यायचा. त्यातून तो जायचा मालकाच्या किल्लीने, म्हणजे मुख्य पासवर्डने. त्याला कुठलंच कपाट बंद नव्हतं. "टक्क्याचं तर खुशालले चुकून सापडलं," बाई म्हणाल्या. "ज्याले समजते तो पूर्ण हुकूमच लिहून देईन. नावं पुसूनही टाकीन."

नागपूरहून नव्या ड्रायव्हरची सीडी मागवली. तो हुकूम आधी पक्का करून घ्यायचा आणि नाव मागाहून, बंद पाकिटात घालावं तसं वेगळं न्यायचा, त्यामुळे नावाच्या जागी काहीही लिहिलं तरी ते नावच राहायचं. पण त्यासाठी बाईंना शोधायची प्रत्येक ओळ नव्याने लिहावी लागली. कार्ड नंबर दिल्याशिवाय आता काहीच दिसत नव्हतं, आणि दिसलं तर एकाच माणसाचं. केंद्रांकडून मालकाची किल्ली काढून घेतली, त्यांना फक्त आपल्यापुरतं बघायची मुभा राहिली. हे सगळं प्रत्येक केंद्रावर जाऊन करायचं होतं. चिमूर, मूल, आरमोरी, कुरखेडा. कुठे पोचावं तर लाइट गेलेली, आणि ती येईपर्यंत परतीची गाडी निघून गेलेली. बाई डब्यातली भाकर तशीच परत आणायच्या. डॉक्टर म्हणाले, एवढी घाई कशाला, झालं ते झालं. बाईंनी पुढच्या केंद्रासाठी सीडी पिशवीत टाकली. मला बाईंचा राग आला होता आणि कीवही. एवढं करून चंचलची सोयरीक काही परत जुळणार नव्हती, आणि ते त्यांनाही कळत होतं.

पावसाळा सरता सरता काम झालं. मी खुशालच्या केंद्रात स्वतः टक्क्याचं चिन्ह टाकून पाहिलं, कुणीही सापडलं नाही. गुणाबाईच्या खेड्यात पुन्हा शिबिर लावलं, तिथेही कुणी आलं नाही.

पुढच्या वर्षी सिंदेवाहीला गरोदर बायांची तपासणी होती. शगुफ्ताबाई कॉम्प्युटरवर, मी सुई घेऊन. रांगेत चंचल आली. लग्न झालं होतं, दूर कुरखेड्याकडे, आणि पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. आम्ही दोघांनीही तिला ओळखलं. बाईंनी कार्ड मागितलं. ती म्हणाली, नाई. याआधी कधी रक्त तपासलं का? नाई. नाव विचारलं तर तिने अंजना सांगितलं.

बाईंनी खुर्ची जवळ ओढली आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या की नवऱ्याला एकदा घेऊन ये, त्याचंही रक्त बघायला पाहिजे, बाळासाठी. आता कुणालाच काही दिसत नाही, ते भोक बुजवलंय.

चंचलने मान खाली घातली. "त्याले तं काईच मालूम नाई, काय म्हनून आनू? लिवा ना बाई, अंजना. मागच्या खेपेले खरं नाव सांगतलं होतं."

मी बाईंकडे पाहिलं. त्या खरं नाव लिहितील असं मला वाटलं होतं. त्यांनी डोळे चोळले, अंजना टाइप केलं, नवा नंबर काढला आणि नवं कार्ड तिच्या हातात दिलं. नवरा रक्त द्यायला कधी आला नाही. आणि कार्डाशिवाय आता कुणीही, अगदी आम्हीही, कितीही शोधलं तरी ती कोण, हे सापडणार नव्हतं.